जुनी फोर बाय फोर जीप घेण्यापूर्वी: सीमाभागातील नवख्या खरेदीदारासाठी तपासणीचा क्रम

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यात जुन्या जीपला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात जायचे तर चारही चाकांना जोर मिळणारी गाडी खरोखरच लागते. अथणी-रायबागकडच्या काळ्या रानात पावसाची एक सर पडून गेली की साधी गाडी बांधावरच थांबते. बेळगाव शहरातल्या तरुणांना चोर्ला घाटाच्या किंवा आंबोलीच्या वाटेवर हौसेने फिरण्यासाठी अशी गाडी हवी असते. नव्या थारची किंमत परवडत नाही, म्हणून बहुतेकांची नजर महिंद्राच्या जुन्या एमएम ५४०, मेजर, मारुतीची जिप्सी किंवा जुन्या थारकडे वळते, आणि इथेच नवखा माणूस फसतो, कारण तो रंग, रुंद टायर, पुढचा लोखंडी बंपर आणि त्यावरचे दिवे पाहून सौदा ठरवतो.

या लेखातील क्रम नेमका उलटा आहे. आधी कागद, मग चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), मग चारही चाकांना जोर पोचवणारी यंत्रणा, त्यानंतर इंजिन आणि सर्वांत शेवटी पत्रा आणि रंग, असा हा क्रम आहे. थकलेले इंजिन पुन्हा बांधता येते, त्याचा खर्च आधी काढता येतो आणि तो किमतीतून वजाही करता येतो. पत्राकाम तर गावोगावचे डेंटर करून देतात. मात्र कुजलेली चेसिस आणि सदोष कागद या दोन गोष्टी नंतर कितीही पैसे ओतले तरी बहुधा सरळ होत नाहीत, त्यामुळे या दोन्हींत खोट निघाली तर पुढची तपासणी करण्यात वेळ घालवू नये.

आधी काम ठरवावे, मग मॉडेल

गाडी रोज शेतावर न्यायची आहे, महिन्यातून एखाद्या वेळी डोंगरात न्यायची आहे, की कुटुंबासह पुण्या-गोव्यापर्यंत जायचे आहे, हे आधी स्वतःशी स्पष्ट असावे. महिंद्राच्या जुन्या जीपांपैकी एमएम ५४० मध्ये बहुधा २११२ सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन आढळते. ते शांत स्वभावाचे आणि टिकाऊ आहे, पण त्याचे काही सुटे भाग आता शोधत फिरावे लागतात. महिंद्राचे २५२३ सीसीचे डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडणारे) इंजिन त्या मानाने आवाज आणि थरथर जास्त करते, परंतु बोलेरोमुळे त्याची माहिती खेड्यातल्या मेस्त्रीलाही असते आणि भागही सहज मिळतात. शेतीच्या कामासाठी गाडी घेणाऱ्याने माझ्या मते डीआय इंजिनच पाहावे.

मारुती जिप्सी १९८५ च्या अखेरीस बाजारात आली, तेव्हा तिचे इंजिन ९७० सीसीचे होते. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली आणि २००० मध्ये तिला एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारे) इंजिन मिळाले. ही गाडी हलकी असल्यामुळे चिखलात फारशी रुतत नाही आणि डोंगरात फार चपळपणे चालते. मात्र ती पेट्रोल पिते, मागची बाके आडवी असतात आणि पाट्यांमुळे (लीफ स्प्रिंगमुळे) हादरे बसतात, म्हणून घरातल्या वयस्क माणसांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी तिचा मोह टाळावा. २०१० मध्ये आलेल्या जुन्या थारची डीआय आणि सीआरडीई (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डिझेल इंजिन) अशी दोन रूपे आहेत. त्यांतले सीआरडीई चालवायला सुखद आहे, पण त्याचे इंजेक्टर, टर्बो आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बिघडली तर दुरुस्तीचा खर्च जुन्या जीपच्या कितीतरी पट येतो.

एमएम ५४०, मेजर आणि डीआय थार या गाड्या फक्त मागच्या चाकांना जोर देणाऱ्या प्रकारातही विकल्या गेल्या आहेत, हे विसरू नये. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून गाडी पाहायला गेल्यावर पहिल्या मिनिटातच वाकून पुढच्या ॲक्सलखाली नजर टाकावी. तिथे डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणाऱ्या दात्यांच्या पेटीचा) गोल फुगवटा आणि त्याला जोडलेला प्रॉपेलर शाफ्ट (जोर नेणारा फिरता दांडा) दिसला नाही, तर ती फोर बाय फोर नाही. आत दोन जादा दांडे आहेत यावर विसंबू नये.

कागदपत्रे

आपल्या भागात कागदांचा प्रश्न इतर जिल्ह्यांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण गाड्या तीन राज्यांतून येतात. बेळगावची केए २२, चिकोडीची केए २३, बैलहोंगलची केए २४ किंवा गोकाकची केए ४९ अशी गाडी असेल तर हस्तांतर राज्यातल्या राज्यात होते आणि काम सोपे जाते. कोल्हापूरची एमएच ०९, सांगलीची एमएच १०, सिंधुदुर्गची एमएच ०७ किंवा गोव्याची गाडी असेल तर मूळ आरटीओकडून नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, कर्नाटकात गाडीच्या वयानुसार आजीवन कर भरावा लागतो आणि नवा क्रमांक घ्यावा लागतो. सीमेपलीकडची जीप थोडी स्वस्त वाटते, पण हा कर, कार्यालयाच्या खेपा आणि एजंटचे पैसे धरले की तो फरक बहुधा उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ आपल्याकडे ठेवायची असेल तर नवा नोंदणी क्रमांक घेणे बंधनकारक आहे. त्यामुळे "एमएच पाटीवरच चालवा, कोण विचारतंय" हा विक्रेत्याचा सल्ला मानू नये.

सर्वप्रथम आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) मूळ प्रत मागावी, झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो नव्हे. गाडीचा क्रमांक परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर घालून मालकाचे नाव, नोंदणीची मुदत, विमा आणि बोजा (गाडीवरील कर्जाची नोंद) या गोष्टी जुळतात का ते पाहावे आणि थकलेली ई-चलनेही तपासावीत. गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेतून पाहता येते. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटल्याचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अनेकदा कर्ज पूर्वीच फिटलेले असते, पण बोजा उतरवायचे राहून गेलेले असते. अशी पतसंस्था बंद पडलेली असेल तर ते पत्र मिळवणे हे मोठेच दुखणे होऊन बसते.

यानंतर चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष पाहावेत. चेसिस क्रमांक लोखंडावर ठोकलेला असतो, त्याची जागा मॉडेलनुसार बदलते आणि त्यावर चिखल आणि ग्रीसचा थर असतो. सोबत डिझेलने भिजवलेले फडके, तारेचा ब्रश, टॉर्च आणि कागद-पेन्सिल न्यावी. जागा स्वच्छ करून त्यावर पातळ कागद ठेवावा आणि पेन्सिल आडवी घासून ठसा घ्यावा. आकडे एका ओळीत आणि सारख्या खोलीचे आहेत का, भोवतालच्या लोखंडावर ग्राइंडरच्या रेघा आहेत का, तो तुकडाच वेल्डिंगने बसवलेला नाही ना, हे या ठशात डोळ्यांपेक्षा स्पष्ट दिसते. यात तिळभर शंका आली तरी तिथून निघावे.

इंजिनाबाबत जुन्या जीपमध्ये हमखास गोंधळ आढळतो. मूळ पेट्रोल जीपमध्ये कोणीतरी कधीकाळी डिझेल इंजिन बसवलेले असते आणि आरसीवर इंधन "पेट्रोल" असेच राहिलेले असते. कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीने करून आरसीवर नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षक गाडी नापास करू शकतो आणि अपघातानंतर विमा कंपनी दावा अडवू शकते. इंजिन क्रमांक जुळत नसेल तर विक्रेत्याने आधी नोंद करून द्यावी आणि मगच सौदा पुढे न्यावा. "नंतर करून देतो" या शब्दावर गाडी घेऊ नये.

हरियाणा आणि पंजाबच्या सीमेवरील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या जीपच्या धर्तीवर नवी बांधणी करून देण्याचा मोठा व्यवसाय आहे. तशी एखादी चकचकीत लो-बॉनेट जीप १९७० किंवा १९८० च्या दशकातील कागदांवर इकडे विक्रीला आली, तर कागदांवरची गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एकच आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. गाडी दिसायला कितीही देखणी असली तरी नवख्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी होऊन दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. आरसीवर ही मुदत पाहावी. ती संपत आली असेल तर नूतनीकरण विक्रेत्याकडून करून घ्यावे, कारण तपासणीतले दोष दुरुस्त करण्याचा खर्च मग त्याच्याकडे राहतो. एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क बरेच वाढलेले आहे, शिवाय कर्नाटकात हरित करही भरावा लागतो. तेव्हा या दोन्ही रकमा आपल्या आरटीओतून आधी विचारून घ्याव्यात.

आणखी तीन प्रकारच्या गाड्यांबाबत सावध राहावे. पहिली म्हणजे सरकारी लिलावातील जीप. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, त्यामुळे भंगार म्हणून निघालेली खात्याची जीप रस्त्यावर आणण्याची आशा धरू नये. दुसरी म्हणजे लष्करातून निघालेली जिप्सी. मराठा लाईट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावातच असल्यामुळे या गाड्यांचे आकर्षण आपल्याकडे स्वाभाविक आहे. लष्कराच्या गाडीच्या नोंदणीसाठी संबंधित अधिकाऱ्यांचे नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. नोंदणी आधीच झालेली असेल तर उत्तम. नसेल तर हे प्रमाणपत्र पाहून आणि आरटीओत चौकशी करूनच पुढे जावे. तिसरी म्हणजे पिवळ्या पाटीची कमांडर किंवा तत्सम जीप, जी बरीच वर्षे वडापला धावलेली असते. ती खासगी, म्हणजे पांढऱ्या पाटीवर आणण्यासाठी परवाना परत करणे, कराचा फरक भरणे अशी कामे असतात, आणि दाटीवाटीने माणसे भरून वर्षानुवर्षे चाललेल्या अशा गाडीची चेसिस दुप्पट काळजीने पाहावी लागते.

चेसिस

गाडी पाहायला दिवसा जावे, आणि शक्य असेल तर तिच्याखाली झोपता येईल अशा जागी, म्हणजे गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर न्यावी. विक्रेता त्याला तयार नसेल तर त्याचे कारण बहुधा खालीच दडलेले असते.

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात चार महिने पाऊस थांबत नाही आणि तांबडी माती चेसिसच्या आत साचून ओलसर राहते. गोवा आणि सिंधुदुर्गाकडून आलेल्या गाड्यांना खाऱ्या हवेने ग्रासलेले असते. दोन्ही प्रकारांत गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे बाहेरचा काळा रंग ताजा आणि चकचकीत असला तरी त्याचा अर्थ काहीच होत नाही. उलट विक्रीच्या तोंडावर चेसिसला फासलेला नवा काळा रंग पाहून शंका वाढली पाहिजे.

साधारण पाव किलोची छोटी हातोडी घ्यावी आणि चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागे हळूहळू ठोकत जाव्यात. भाजलेले पक्के मडके आणि चिरलेले मडके यांच्या आवाजात जसा फरक असतो, तसाच इथे ऐकू येतो. चांगले लोखंड खणखणते आणि कुजलेले लोखंड बद्द वाजते. मागच्या पाट्यांचे शॅकल (पाट्याचे टोक धरणारी हलती कडी) जिथे बसतात ती जागा, पाट्यांचे हँगर (पाटे चेसिसला अडकवणारे कंस), मागची आडवी पट्टी, बॉडी बसवण्याचे बोल्ट आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे चेसिसला आवळलेला असतो ती जागा, या पाच ठिकाणी विशेष वेळ द्यावा. मागच्या शॅकलजवळ पट्टीच्या खालच्या अंगाला बोट घालून पाहावे. तिथे माती ओली असेल आणि बोटाबरोबर पापुद्रे खाली गळत असतील तर आतली भिंत पातळ झालेली आहे. स्टिअरिंग बॉक्सभोवती केसाएवढा तडा असला तरी तो गंभीर मानावा, कारण खडकाळ वाटेवर चाकाला बसणारा प्रत्येक धक्का त्याच जागी येतो.

वेल्डिंग दिसले म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही. जुन्या जीपला कुठे ना कुठे वेल्डिंग असतेच. ते कशासाठी केले आहे, हे ओळखता यावे. हँगरला दिलेला नीटनेटका जोड वेगळा आणि पट्टीवर बाहेरून चिकटवलेला लांब पत्रा वेगळा. असा पत्रा आतली कूज झाकण्यासाठी लावलेला असतो आणि त्याच्या मागे पाणी साचून गंज आणखी वाढतो. चेसिस आडवी कापून जोडलेली असेल, तर ती गाडी कोणत्याही किमतीत घेऊ नये.

चेसिस वाकलेली आहे का, हे मोजपट्टीने कळते. पुढच्या डाव्या पाट्याच्या हँगरपासून मागच्या उजव्या हँगरपर्यंतचे तिरके अंतर मोजावे, मग उजवीकडून डावीकडे तसेच मोजावे. दोन्ही मापांत बोटभर फरक आला तर गाडीला मोठा अपघात झालेला आहे. दुसरी खूण जमिनीवर मिळते. पाऊस पडून गेल्यानंतर शेताच्या ओल्या मातीत गाडी सरळ रेषेत चालवायला सांगावे आणि मागून चाकोरी पाहावी. पुढच्या चाकांचा माग आणि मागच्या चाकांचा माग दोन्ही बाजूंना सारख्या रीतीने जुळला पाहिजे. मागचा ॲक्सल एका अंगाला सरकलेला दिसला तर निदान पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटलेला असतो, आणि तो ठीक असेल तर दोष चेसिसमध्ये आहे.

चारही चाकांना जोर पोचतो का

ही तपासणी बहुतेक लोक करतच नाहीत. विक्रेता फोर बाय फोरचा दांडा ओढून दाखवतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सगळ्यांचे समाधान होते. दिवा लागल्याने फक्त दांडा हलला एवढेच सिद्ध होते.

सपाट आणि घट्ट जमिनीवर गाडी उभी करून मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावावेत. पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब (चाक ॲक्सल शाफ्टला जोडणारी कळ) असतील, जसे बहुतेक जिप्सींना असतात, तर ते लॉकवर आणावेत. दांडा फोर-हायमध्ये (चारही चाके, नेहमीचा वेग) घालावा, गाडी गीअरमध्ये टाकावी आणि इंजिन बंदच ठेवावे. आता पुढचे एकच चाक जॅकने जमिनीपासून उचलावे आणि दोन्ही हातांनी फिरवून पाहावे. यंत्रणा धड असेल तर चाक थोड्याशा खेळानंतर अडते. ते सहज गरगर फिरले तर जोर पोचवणारा दुवा कुठे तरी तुटलेला आहे. हब लॉक होत नाही, आतला ॲक्सल शाफ्ट तुटलेला आहे, डिफरन्शियलचे दाते गेलेले आहेत किंवा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणारी पेटी) जोर देतच नाही, यांपैकी एक कारण असते. मग दुसऱ्या बाजूचे चाकही तसेच तपासावे. हे करताना गाडीखाली कोणीही जाऊ नये आणि जॅकजवळ लहान मुलांना फिरकू देऊ नये.

त्यानंतर मऊ जमिनीवर, म्हणजे नांगरलेल्या रानात किंवा वाळूत, गाडी फोर-हाय आणि मग फोर-लोमध्ये (कमी वेग, जास्त जोर) चालवावी. या जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये वेगांतला फरक सांभाळणारी सोय नसते, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर घालून वळणे घेऊ नयेत. यंत्रणेवर विनाकारण ताण येतो आणि दांडा अडकून बसतो. फोर-लोमध्ये चढावर जोर द्यावा आणि उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा. उतारावर दांडा आपोआप न्यूट्रलला येत असेल, म्हणजेच गीअर उडत असेल, तर ट्रान्सफर केस उघडण्याचा खर्च धरावा. एरवी दुर्लक्ष करता येण्यासारखा वाटणारा हा दोष घाटात जीवघेणा ठरतो, कारण त्या क्षणी इंजिनाचा अटकाव पूर्ण नाहीसा होतो.

दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचे ऑईल भरण्याचे नट उघडून बोट आत घालावे. ऑईल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. आपल्याकडे ओढ्यानाल्यांतून गेलेल्या गाड्यांत हे वारंवार दिसते. बोटाला चमकणारी बारीक कणी लागली तर थोडी झीज समजावी, पण नखाने उचलता येतील असे तुकडे आले तर क्राऊन-पिनियनचे (डिफरन्शियलमधल्या मुख्य दातेरी चाकांचे) आयुष्य संपत आलेले आहे.

स्टिअरिंग, पाटे आणि ब्रेक

पुढचे चाक जॅकवर असतानाच ते वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर किंगपिन (ज्यावर पुढचे चाक वळते तो खिळा) किंवा चाकाचे बेअरिंग झिजलेले आहे. डाव्या-उजव्या बाजूंना धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर टाय रॉडचे जॉइंट पाहावेत. ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या वेगात एखादा खड्डा लागताच स्टिअरिंग जोरात थरथरू लागते आणि गाडी थांबवेपर्यंत शांत होत नाही, असा दोष पाट्यांच्या जीपमध्ये याच झिजेतून येतो. तो चाकांच्या बॅलन्सिंगने जाईल असे कोणी सांगितले तरी विश्वास ठेवू नये.

पाटे तुटलेले आहेत का ते पाहावे, शॅकलचे बुश पाहावेत. बुश ही फार मोठी गोष्ट नाही. बेळगावच्या उद्यमबागेतला कोणताही चांगला लेथवाला ते वळवून देतो. ब्रेकबाबत मात्र तडजोड नको. जुन्या जीपला बहुधा चारही चाकांना ड्रम असतात आणि पाण्यातून निघाल्यावर ते धरत नाहीत. पेडल घट्ट दाबून एक मिनिट धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गेलेला आहे.

इंजिन थंडच हवे

विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे की आपण पोचण्याआधी गाडी सुरू करू नये. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी. गरम असेल तर चहा पिऊन दोन तास थांबावे किंवा दुसऱ्या दिवशी यावे. थंडीच्या सकाळी बेळगावात जुने डिझेल इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात उठले, तर कॉम्प्रेशन, पंप-नोझल आणि बॅटरी यांची एकदमच परीक्षा झाली असे समजावे. प्यूजो इंजिनाला हीटर प्लग असतात. त्यांना काही सेकंद तापू देऊन मगच चावी फिरवावी.

सुरुवातीचा थोडा पांढरा धूर इंजिन तापताच गेला पाहिजे. निळसर धूर राहिला तर इंजिन ऑईल खाते. काळा धूर जोर देताना थोडा येतोच, पण एकसारखा ओकत असेल तर पंप-नोझलचे काम निघेल. इंजिन चालू असताना ऑईल भरण्याचे झाकण सैल करून नुसते वर ठेवावे. ते थोडे थरथरले तर हरकत नाही, पण खालून फुकारे मारत वाफ येऊन झाकण उडत असेल तर पिस्टन-रिंगा संपलेल्या आहेत. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑईलच्या काडीवर खव्यासारखा थर दिसला तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

ऑईलची गळती जुन्या जीपमध्ये थोडीफार असणारच. ओलावा आणि थेंब यांत फरक करावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली रुपयाएवढा डाग पडला तर सील बदलून भागते. हातभर डाग पडला तर तो कुठून पडतो हे शोधल्याशिवाय दर ठरवू नये.

पत्रा आणि वायरिंग

रबरी मॅटिंग उचलून गाडीच्या तळाचा पत्रा पाहावा, विशेषतः चालकाच्या पायाखाली आणि मागच्या बाकांच्या खाली. जिप्सीमध्ये पुढच्या काचेच्या चौकटीचा खालचा भागही पाहावा. साधे लोहचुंबक फिरवले की जिथे लांबी (पुट्टी) जाड भरलेली असते तिथे ते चिकटत नाही. जादा दिवे, विंच आणि हॉर्न यांच्यासाठी कोणी मूळ वायरिंगला फाटे फोडून नुसती टेप गुंडाळली असेल तर ती आग लागण्याची जागा आहे. पण या सगळ्याचा खर्च काढता येतो, म्हणूनच ही पायरी शेवटी ठेवली आहे.

चालवून पाहणे आणि सौदा

चालवून पाहताना तीन प्रकारचे रस्ते घ्यावेत. महामार्गावर काकतीच्या बाजूने सरळ वेगात गाडी एका अंगाला ओढते का ते पाहावे. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर क्लच निसटतो का आणि पाणी तापते का ते पाहावे. परत येताना उतारावर ब्रेकची आणि इंजिनाच्या अटकावाची खात्री करावी. तिसरा रस्ता कच्चा असावा, जिथे पाटे, प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट क्रॉस आणि बॉडीचे आवाज ऐकू येतात. जुन्या गाडीत आवाज येणारच, पण जोर देताना आणि सोडताना येणारा "टक्क" आवाज क्रॉस झिजल्याची खूण आहे. सोबत आपल्या ओळखीचा मेस्त्री असावा, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे, आणि त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी आनंदाने द्यावी.

"एक रुपयाचंही काम नाही" असे प्रत्येक विक्रेता सांगतो. आपण सापडलेल्या दोषांची यादी करून, प्रत्येकापुढे मेस्त्रीकडून विचारलेला खर्च लिहून, ती यादी समोर ठेवूनच दर बोलावा. एवढे करूनही न दिसलेली कामे निघतातच, म्हणून गाडीच्या किमतीच्या निदान चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम वेगळी ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. तेवढी रक्कम हाताशी राहत नसेल तर आणखी स्वस्त गाडी न शोधता काही महिने थांबावे.

विसार देताना करारपत्र करावे आणि त्यात चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, ताब्याची तारीख आणि वेळ, तोपर्यंतची चलने आणि कर कोणी भरायचे, हे स्पष्ट लिहावे. करार कन्नडमध्ये असेल आणि आपल्याला ती लिपी नीट वाचता येत नसेल, तर जाणत्या माणसाकडून तो ओळ न ओळ वाचून घेऊनच सही करावी. हस्तांतराच्या नमुना २९ आणि नमुना ३० वर विक्रेत्याच्या सह्या आपल्यासमोर घ्याव्यात आणि त्या आरसीवरच्या मालकाच्याच आहेत याची खात्री करावी. मधल्या कोणाच्या नावाने "खुल्या सह्यांवर" हातोहात फिरलेली गाडी असेल तर मूळ मालक समोर आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रक्कम बँकेतून द्यावी.

राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. राज्याबाहेरच्या गाडीच्या बाबतीत विक्रेत्याला ४५ दिवस मिळतात. विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे द्यावा. खूप जुन्या गाडीला बहुधा फक्त तृतीय पक्ष विमाच मिळतो. तो आणि प्रदूषण प्रमाणपत्र दोन्ही चालू असल्याशिवाय गाडी विक्रेत्याच्या दारातून हलवू नये. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन, गीअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑईल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑईल आणि पाण्याचे रबरी पाइप बदलून घ्यावेत, आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर एका वहीत लिहून ती वही गाडीतच ठेवावी.